डोंगराची जैवविविधता कशी राखावी

डोंगरावरील जीवसृष्टी उंचीनुसार थराथरांनी वसलेली असते. साधारणपणे दर १००० मीटर उंचीमागे हवेचे तापमान सुमारे ६.५ अंश सेल्सियसने उतरते. म्हणून हवामान एका अंशाने तापले, तर पूर्वीइतकाच गारवा मिळण्यासाठी एखाद्या वनस्पतीला किंवा पक्ष्याला सुमारे १५० मीटर वर सरकावे लागते. डोंगर बहुधा वर निमुळता होत जातो आणि माथ्यावरील जातींना तर सरकायला जागाच उरत नाही. त्यामुळे केवळ शिखराला कुंपण घालून भागत नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा सलग उतार राखणे, हेच मुख्य काम समजावे.

सुरुवात नोंदींपासून करावी. वेगवेगळ्या उंचीवर एक चौरस मीटरचे कायमचे चौकोन आखावेत, दरवर्षी त्याच हंगामात त्यांतील वनस्पतींची यादी करावी आणि ठरलेल्या जागेवरूनच छायाचित्र घ्यावे. २००१ पासून विस्तारत गेलेल्या ‘ग्लोरिया’ या आंतरराष्ट्रीय निरीक्षण जाळ्यात प्रत्येक प्रदेशातील वेगवेगळ्या उंचीची चार शिखरे निवडून अशीच निरीक्षणे होतात आणि मातीत तापमापकही पुरले जातात. गावपातळीवरील गटाला एवढी साधने नसली तरी चालेल, पण जागा आणि पद्धत बदलता कामा नये, कारण ती बदलली की जुन्या नोंदींशी तुलनाच करता येत नाही.

त्यानंतर उताराच्या नकाशावर जंगल, गवताळ पट्टे, ओढे आणि कडे दाखवून ते रस्ता, खाण किंवा बांधकामामुळे कोठे तुटले आहेत ते पाहावे. जोडणी साधण्यासाठी ओढ्याकाठची झाडी सर्वांत उपयोगी पडते, कारण तिच्या सावलीत व ओलाव्यात अनेक प्राणी खालून वर जाऊ शकतात. नव्या रस्त्याचा प्रस्ताव आला, तर आक्षेप आराखड्याच्या टप्प्यावरच लेखी नोंदवावा. एकदा उतार कापला गेला की माती पुन्हा धरायला फार काळ लागतो.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. नैसर्गिक गवताळ माळ उघडा दिसतो म्हणून त्यावर झाडे लावू नयेत. अँडीज पर्वतातील ‘पारामो’ या उंचावरील गवताळ प्रदेशात पाइनची लागवड झाली, तेथे मातीतील ओलावा आणि ओढ्यांना मिळणारे पाणी घटल्याचे आढळले आहे. हेतू चांगला असूनही मूळ अधिवास मोडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. झाडे लावायचीच असतील, तर जेथे पूर्वी जंगल होते तेथे, स्थानिक जातींचीच लावावीत.

वणवा पसरू नये म्हणून कोरडा हंगाम सुरू होण्यापूर्वी जाळरेषा, म्हणजे गवत काढून मोकळे केलेले पट्टे, तयार ठेवाव्यात. चराईवर सरसकट बंदी न घालता पट्टे ठरवून आळीपाळीने विश्रांती द्यावी, कारण काही कुरणांतील फुलझाडे माफक चराईमुळेच टिकून असतात. परकी वनस्पती दिसताच, बी धरण्याआधी उपटावी. पर्यटकांसाठी एकच पायवाट आखावी व वळणे टाळून जाणाऱ्या आडवाटा दगड रचून बंद कराव्यात. बूट वर चढण्यापूर्वी घासून, धुऊन पूर्ण वाळवणे आवश्यक आहे. त्यांच्या चिखलातून बियाच नव्हे, तर बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशीही पसरू शकते.

डोंगरावर राहणाऱ्यांना वगळून यातील काहीही टिकत नाही. अँडीजमधील विकुन्या हा प्राणी लोकरीसाठी होणाऱ्या शिकारीमुळे १९६० च्या दशकात काही हजारांवर आला होता. शिकारबंदीनंतर पुढे स्थानिक समुदायांना जिवंत प्राण्यांची लोकर कातरून, त्यांना पुन्हा मोकळे सोडण्याचा व ती लोकर विकण्याचा हक्क मिळाला, आणि आज विकुन्यांची संख्या लाखांत आहे. म्हणून नियम ठरवताना गुराखी, मध गोळा करणारे व वाटाडे यांना पहिल्याच बैठकीपासून सोबत घ्यावे आणि उत्पन्नातील वाटा लेखी ठरवावा.

जमलेल्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात. मात्र दुर्मीळ ऑर्किडची किंवा घरट्याची नेमकी जागा जाहीर न करता केवळ परिसराचा उल्लेख करावा.