सुट्या भागांच्या दुकानात जाणकार माणूस कसा ओळखावा

वाहनाचा एखादा भाग बदलायचा असतो, तेव्हा दुकानात माल आहे की नाही यापेक्षा काउंटरपलीकडच्या माणसाला त्या मालाची खरी माहिती आहे की नाही, हे आधी पाहावे. संगणकावर मॉडेलचे नाव टाकून समोर येईल तो पार्ट नंबर कोणालाही वाचता येतो. मात्र त्याच मॉडेलमध्ये वर्षाच्या मध्येच बदल झाला होता, किंवा एकाच इंजिनाला दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे अल्टरनेटर (गाडीत वीज तयार करणारे यंत्र) बसवले जात होते, हे ज्याला माहीत असते तो माणूस आपली दुसरी फेरी वाचवतो. चुकीचा भाग घरी आणून गाडी उघडून बसण्याचा मनस्ताप लक्षात घेता असा माणूस शोधण्यासाठी थोडा वेळ घालवणे नक्कीच योग्य आहे.

त्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे तो उत्तर देण्याआधी काय विचारतो. आपण पुढचे ब्रेक पॅड मागितले, तर जाणकार माणूस उत्पादनाचे वर्ष, इंजिन आणि व्हेरियंट विचारतो, आणि त्या मॉडेलला दोन मापांच्या डिस्क येत असतील तर डिस्कचा व्यासही विचारतो. आरसा, दिवा किंवा ड्राइव्ह शाफ्ट हवा असेल तर बाजू कोणती ते पक्के करून घेतो, कारण डावे-उजवे हे चालकाच्या आसनावर पुढे तोंड करून बसल्यावर जसे असते तसे धरायचे, हे अनेक ग्राहकांना ठाऊक नसते आणि गाडीसमोर उभे राहून पाहिल्यास बाजू नेमकी उलटी होते. एकही प्रश्न न विचारता खोका पुढे सरकवणारा विक्रेता प्रामाणिक असू शकतो, परंतु त्याच्या तत्परतेवर विसंबून पैसे देऊ नयेत. जाणकारीची आणखी एक खूण मला फार महत्त्वाची वाटते: आपल्याला माहीत नसलेली गोष्ट तो माणूस सरळ मान्य करतो आणि कॅटलॉग उघडतो किंवा आतल्या सहकाऱ्याला हाक मारतो.

अर्थात, चांगल्या जाणकारालाही अपुऱ्या माहितीवर काम करता येत नाही, म्हणून आपली तयारी पूर्ण असावी. चेसिस नंबर, म्हणजे प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून न्यावा किंवा त्याचा स्पष्ट फोटो काढून न्यावा. आधुनिक गाड्यांत हा क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजीतील आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरली जात नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. त्यामुळे वाचताना ओ दिसल्यासारखा वाटला, तर ते शून्य आहे असे समजावे. एकाच नावाच्या मॉडेलमधील बदल याच क्रमांकावरून नेमके कळतात. गाडीचे इंजिन कधी बदललेले असेल, तर मात्र चेसिस नंबरवरून काढलेला इंजिनाचा भाग चुकू शकतो. अशा वेळी इंजिनावर कोरलेला क्रमांकही सोबत ठेवावा आणि ही गोष्ट आपणहून सांगावी.

शक्य असेल तेव्हा जुना भाग पुसून स्वच्छ करून बरोबर न्यावा, कारण पुष्कळदा त्यावरच्या खुणांत सगळी माहिती दडलेली असते. बेअरिंगवर ६२०३ असे लिहिलेले असेल, तर त्याचा आतला व्यास १७, बाहेरचा व्यास ४० आणि रुंदी १२ मिलीमीटर असते. पुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे, आणि झेडझेड असेल तर पत्र्याचे झाकण आहे. बेल्टवरील ६पीके१२०० याचा अर्थ सहा धारा आणि १२०० मिलीमीटर लांबी. ऑइल सीलवर ३५-५२-७ अशी तीन मापे दिसली, तर ती अनुक्रमे शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असतात. ज्याला ही भाषा येते तो खुणा वाचून थेट फळीकडे वळतो, आणि ज्याला येत नाही तो पुन्हा मॉडेलचे नाव विचारतो. एवढ्यावरूनही समोरच्याचा अंदाज येतो.

मागणी कशी मांडायची, यालाही महत्त्व आहे. नेमका कोणता भाग बिघडला याची खात्री असेल तर भागाचे नाव सांगावे. खात्री नसेल तर केवळ लक्षण सांगावे आणि निष्कर्ष स्वतः काढू नये. गाडीच्या संगणकातील बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०१७१ हा कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर मागणारे ग्राहक पुष्कळ असतात. तो कोड फक्त इतकेच सांगतो की मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. त्याचे कारण फाटलेली व्हॅक्यूम नळी, मळलेला एअरफ्लो सेन्सर किंवा इंधनाचा कमी दाब यांपैकी काहीही असू शकते, आणि ऑक्सिजन सेन्सर बहुधा आपले काम नीट करूनच ती तक्रार कळवत असतो. हे समजावून सांगून विक्री सोडून देणारा दुकानदार भेटला, तर त्याला धरून राहावे. तरीही बिघाडाचे निदान हे गॅरेजचे काम आहे. गाडी न पाहता काउंटरवरून मिळालेल्या सल्ल्याला तपासणीची दिशा समजावे.

समोरच्याची पारख करायची असेल, तर आपल्या कामाशी संबंधित एखादा प्रश्न विचारून त्याचे कारणही विचारावे. उदाहरणार्थ, डॉट ४ ब्रेक फ्लुइडमध्ये डॉट ५ मिसळले तर चालेल का? डॉट ही ब्रेक फ्लुइडच्या दर्जांची नावे आहेत. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉलवर आधारित असतात, तर डॉट ५ सिलिकॉनवर, म्हणून डॉट ५ बाकीच्यांत मिसळायचे नसते. नावे जवळची असल्याने इथे चूक सहज होते आणि प्रश्न थेट ब्रेकचा आहे. स्पार्क प्लगच्या बाबतीतही असेच आहे: एनजीके कंपनीच्या क्रमांकात उष्णता-श्रेणीचा आकडा वाढला की प्लग अधिक थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, असतो, तर बॉश कंपनीच्या क्रमांकात नेमके उलट असते. कूलंट केवळ रंग पाहून देणाऱ्यापासूनही सावध राहावे, कारण रंगाला सर्वमान्य प्रमाण नाही आणि कंपनीने पुस्तिकेत दिलेला दर्जाच खरा मानायचा असतो.

दुकान निवडताना कामाचे स्वरूप पाहावे. अधिकृत विक्रेत्याच्या काउंटरवर चेसिस नंबरवरून नेमका पार्ट नंबर मिळतो, आणि जुना पार्ट नंबर बंद होऊन त्याऐवजी कोणता आला हेही कळते. मात्र दुसऱ्या कंपनीचा पर्यायी भाग कोणता टिकतो, याचे उत्तर तिथे क्वचित मिळते. ते उत्तर ज्या दुकानात मेकॅनिकांची सतत ये-जा असते तिथे मिळते. मेकॅनिक काउंटरवर एखाद्या ठरावीक माणसासाठी थांबून राहत असतील, तर आपणही त्याच्यासाठीच थांबावे. सकाळी गॅरेजचा माल उचलण्याची घाई असते, म्हणून गर्दी ओसरल्यावर गेल्यास तो माणूस मोकळेपणाने बोलतो.

निघण्यापूर्वी नवा भाग जुन्या भागाशेजारी ठेवून बोल्टची छिद्रे, दातांची संख्या आणि कनेक्टरचा आकार जुळतो का, ते काउंटरवरच पाहावे. विजेचे भाग अनेक दुकाने परत घेत नाहीत, त्यामुळे ती अट आधी विचारावी, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्यावा आणि भाग बसवून गाडी चालेपर्यंत खोका जपून ठेवावा.