आरोग्याचा सल्ला देणाऱ्याची पदवी आणि नोंदणी कशी पडताळावी

नावाआधी ‘डॉ.’ लावणारी व्यक्ती एमबीबीएस असेल, आयुर्वेदाची किंवा होमिओपॅथीची पदवीधर असेल, दंतवैद्य असेल, नाहीतर सूक्ष्मजीवशास्त्रात किंवा मराठी साहित्यात पीएच.डी. झालेली असेल. या सर्वांची विद्या खरी असली, तरी ‘मधुमेहाची गोळी अर्धी करू का?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार सर्वांना सारखा नसतो. त्यामुळे सल्ला दवाखान्यात मिळो, व्याख्यानात मिळो की मोबाइलवरच्या चित्रफितीत, तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात: पदवी कोणती, तिची नोंद कोणत्या परिषदेकडे आहे आणि विचारलेला प्रश्न त्या पदवीच्या कक्षेत येतो का. यातली तिसरी गोष्ट सहसा कोणी पाहत नाही, आणि घोळ बहुधा तिथेच होतो.

सुरुवात औषधांच्या चिठ्ठीपासून करावी. वैद्यकीय व्यावसायिकांच्या वर्तनाविषयीच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात दर्शनी लावावा आणि चिठ्ठी, प्रमाणपत्र व पैशांची पावती यांवरही लिहावा, असे बंधन आहे. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आली, तेव्हा हेच बंधन फोनवरून किंवा व्हिडिओवरून सल्ला देणाऱ्यांनाही लागू झाले. क्रमांकाच्या ठेवणीवरूनही पुष्कळ कळते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे अलीकडचे क्रमांक वर्ष, महिना आणि अनुक्रम अशा तिरप्या रेघांनी तोडलेल्या तीन भागांचे असतात, तर आयुर्वेदाच्या पदवीधरांची नोंद ठेवणाऱ्या महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेच्या क्रमांकाआधी ‘आय’ आणि शेवटी ‘ए’ अशी अक्षरे दिसतात. पाटीवर ठळक अक्षरांत ‘फिजिशियन’ आणि शिक्क्यात बारीक अक्षरांत ‘आय… ए’ असेल, तर आपण कोणाकडे आलो आहोत हे शिक्काच अधिक प्रामाणिकपणे सांगतो.

क्रमांक मिळाला की परिषदेच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. नावापेक्षा क्रमांकाने शोधणे केव्हाही बरे, कारण मराठी आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग दहा तऱ्हांनी होते आणि अनेक स्त्री-डॉक्टरांची मूळ नोंदणी माहेरच्या नावाने असते. क्यूआर कोडवरून पडताळणी करण्याची सोयही महाराष्ट्र वैद्यक परिषदेने केली आहे. नोंद सापडल्यावर तिच्यात केवळ एमबीबीएस आहे की एम.डी.सुद्धा आहे, हे आवर्जून पाहावे, कारण पदव्युत्तर पदवीचीही परिषदेकडे वेगळी नोंद करावी लागते. नोंदणीची मुदतही पाहावी. महाराष्ट्रात दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुण मिळवावे लागतात. मुदत संपलेली दिसली म्हणून कोणी लगेच बोगस ठरत नाही, पण विचारणा करण्यास ते पुरेसे कारण आहे. गोव्याची परिषद वेगळी आहे, आणि बेळगाव-निपाणीकडच्या डॉक्टरांची नोंद बहुधा कर्नाटकाच्या परिषदेकडे सापडते. राज्य ठाऊक नसेल, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची देशव्यापी नोंदवही पाहावी.

नावापुढच्या अक्षरांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर १ वर्षाची आंतरवासिता असते. पुढे एम.डी. किंवा एम.एस.साठी ३ वर्षे, आणि हृदयरोग किंवा मज्जारोग यांसारख्या विषयांतील डी.एम. वा एम.सीएच.साठी आणखी ३ वर्षे लागतात. डी.एन.बी. ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी असून तिला कमी लेखण्याचे कारण नाही. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स या १९१२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या पदविका आपल्याकडे पुष्कळ दिसतात. त्यांच्या मान्यतेत वेळोवेळी बदल होत आल्यामुळे, अशा पदविकेची नोंद परिषदेने केली आहे का, एवढेच पाहावे. ‘एम.डी.’ ही दोन अक्षरे मात्र फार फसवी आहेत. आयुर्वेदातील एम.डी. ही खरी पदव्युत्तर पदवी आहे, पण ती कंसात ‘आयुर्वेद’ असे लिहून सांगायला हवी. रशियातून घेतलेली ‘एम.डी. (फिजिशियन)’ ही तिथली पहिलीच पदवी असल्याने ती आपल्याकडच्या एमबीबीएसच्या पातळीची ठरते, आणि परदेशातून असे शिक्षण घेऊन आलेल्यांना इथे व्यवसाय करण्यापूर्वी चाळणी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ‘एम.डी. (ए.एम.)’ म्हणजे पर्यायी औषधपद्धतीचे प्रमाणपत्र. त्याच्या किंवा इलेक्ट्रोहोमिओपॅथीच्या ‘बी.ई.एम.एस.’च्या बळावर वैद्यक परिषदेत नोंदणी होत नाही. ब्रिटनच्या पदव्यांतही फरक आहे: एम.आर.सी.पी. परीक्षा देऊन मिळते, एफ.आर.सी.पी. हा निवडीने मिळणारा सन्मान आहे. नावापुढे अक्षरांची आगगाडी जितकी लांब, तितके प्रत्येक डब्यात काय आहे हे अधिक नीट पाहावे.

महाराष्ट्रात होमिओपॅथीच्या पदवीधरांचा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा आहे. आधुनिक औषधशास्त्राचा १ वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, म्हणजे ‘सीसीएमपी’, पूर्ण केलेल्यांना मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधे देता यावीत म्हणून राज्याने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. त्यावरून दोन्ही बाजूंच्या संघटनांत वाद झाला आणि तो न्यायालयातही गेला. रुग्णाच्या दृष्टीने कामाचा प्रश्न साधा आहे: समोरच्या बीएचएमएस डॉक्टरने हा अभ्यासक्रम केला आहे का, आणि नसेल तर अँटिबायोटिक लिहून देण्याचा आधार कोणता?

डॉक्टर नसलेल्यांनाही योग्य मान द्यावा. दोन औषधे एकत्र घेतली तर चालतील का, हे अनुभवी औषधनिर्माता अनेकदा चटकन आणि अचूक सांगतो. त्याची नोंदणी १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली राज्य परिषदेकडे असते. दुकानात परवान्याशेजारी नोंदणी प्रमाणपत्र ज्याच्या नावाने लावलेले असते, ती व्यक्ती काउंटरवर आहे का, हे तेवढे पाहावे. परिचारिका आणि भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्याही स्वतंत्र राज्य परिषदा आहेत. मनोविकारतज्ज्ञ हे एम.डी. किंवा तत्सम पदवी घेतलेले डॉक्टर असून औषधे देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत आणि त्यांची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’, ‘वेलनेस कोच’ किंवा ‘न्यूट्रिशनिस्ट’ या बिरुदांवरून मात्र शिक्षण काहीच कळत नाही. तिथे पदवी, विद्यापीठ आणि प्रशिक्षण कुठे झाले, हे सरळ विचारावे.

शास्त्रज्ञांच्या बाबतीत परिषद नसते, म्हणून त्यांचे काम पाहावे. भारतीय विद्यापीठांतील अनेक प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात खुले आहेत, आणि वैद्यक व जीवशास्त्रातील शोधनिबंध ‘पबमेड’वर लेखकाच्या नावाने शोधता येतात. एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असतात, त्यामुळे संस्था आणि विषय जुळतात का, याची खात्री करावी. शोधनिबंधांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांचा विषय वाचावा. विषाणूच्या प्रथिनांवर आयुष्य घालवलेला संशोधक लस कशी काम करते हे उत्तम समजावून सांगेल, पण तुमच्या आईने ती या आठवड्यात घ्यावी की ताप उतरल्यावर, हे तिला तपासणाऱ्या डॉक्टरनेच सांगावे. चांगला शास्त्रज्ञ ही सीमा स्वतःहून सांगतो.

हितसंबंधही तपासण्यासारखे आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, आरोग्यविषयक दावे करणाऱ्या प्रमाणित व्यावसायिकाने आपण तसे आहोत हे स्पष्ट सांगणे अपेक्षित आहे. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याची हमी देणारी औषधाची जाहिरात तर १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे. तेव्हा अशी हमी देणाऱ्याच्या पदवीची चौकशी करण्यात वेळ घालवू नये.

डॉक्टरांना नोंदणी क्रमांक विचारताना संकोच वाटतो, विशेषतः घराण्याचे जुने डॉक्टर असतील तर. ‘विम्याच्या कागदांवर क्रमांक लिहायचा आहे’ असे म्हटले की काम होते, आणि ते खोटेही नसते, कारण विम्याच्या दाव्याच्या अर्जात तो खरोखरच मागतात. क्रमांक कुठेच सापडला नाही, तर जुने नाव, स्पेलिंग आणि दुसऱ्या राज्याची परिषद या तिन्ही शक्यता आधी तपासाव्यात. त्यानंतरही नोंद मिळाली नाही, तर चिठ्ठी व पावतीच्या प्रती जोडून महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, ग्रामीण भागात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३४ मध्ये नोंदणीविना आधुनिक वैद्यक व्यवसाय करणाऱ्यास १ वर्षापर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.