जीव द्यायचं मनात आलेल्या माणसासोबत कसं बोलायचं

आपल्या गावाकडं कोणाच्या डोक्यात असे विचार चालू असले तर तो माणूस सरळ सांगत नाही, पण बोलता बोलता काहीतरी टाकून जाते. "माह्यामागं पोट्ट्यायचं पाहून घेजो", "आता काय उरलं नं भाऊ", असं. नाहीतर उधारीची वही काढून बायकोला सगळा हिशोब समजावून सांगते, बैलजोडी देऊन टाकायची भाषा करते, पारावर येणं बंद करते, रात्रभर झोपत नाही, दारू वाढते. कधी उलटंही होते, महिनाभर चिडचिड करणारा माणूस एका दिवशी एकदम शांत दिसते आणि घरचे म्हणतात चला बरं झालं सुधारला, पण त्याच वेळी जास्त लक्ष ठेवा.

मंग पहिलं काम म्हणजे विचारा, आणि स्पष्ट विचारा. "दादा, जीव द्यायचे विचार येऊन राहिले का तुह्या मनात?" बऱ्याच जणांना वाटते की असं विचारलं तर नसलेलं डोक्यात जाईन. तसं होत नाही, यावर अभ्यास झालेले आहेत, विचारल्यानं विचार वाढत नाहीत, आणि कोणीतरी विचारलं म्हणून माणसाला मोकळं व्हायला जागा भेटते. फक्त पानठेल्यावर चार लोकांत विचारू नका. धुऱ्यावर, गाडीवर जाता येता, एकट्यात विचारा. घरातल्या सुनेला विचारायचं असन तर बाईनंच विचारा, सासू-नवरा समोर नसताना. हे फक्त कर्जातल्या शेतकऱ्याचं नाही बरं का, घरात मार खाणारी बाई, परीक्षेत नापास झालेला पोट्टा, दुखण्याला कंटाळलेला म्हातारा, कोणीही असू शकते.

तो "हो" म्हणाला तर घाबरू नका आणि लगेच समजवायला लागू नका. ऐका. मधात तोडू नका, रडू द्या. "एवढ्यासाठी कोणी मरते का", "लेकराबाळांचं तरी पाय", "मर्दासारखं राय" ही वाक्यं तोंडात येतातच पण ती गिळून टाका, कारण तो आधीच स्वतःला घरावरचा भार समजून राहिला आहे, त्यात तुम्ही अजून लाज घालता. "सगळं ठीक होईन" हेही त्याला खोटं वाटते. त्यापेक्षा खरं आहे तेवढंच सांगा: मी आज रात्री इथंच थांबतो. उद्या आपण दोघं दवाखान्यात जाऊ. आणि हेही सांगा की हा विचार सारखा इतक्याच जोरात राहत नाही, त्याची लाट येते नं ओसरते, आणि मरायचा प्रयत्न करून वाचलेले बहुतेक लोक पुढं आत्महत्येनं मरत नाहीत, जगतात. माझ्या मते याच्याएवढा धीर दुसऱ्या कोणत्या वाक्यानं येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फवारणीचं औषध त्याच्या घरात ठेवू नका. कपाशीच्या हंगामात आपल्याकडं घरोघरी कोपऱ्यात पडलेलं असते. त्या लाटेच्या वेळेला हाताशी काही नसलं तर माणूस वाचते, इतकं साधं आहे हे. सगळं उचलून भावाकडं नाहीतर शेजाऱ्याकडं कुलपात ठेवा, चावी त्याला माहीत नको. त्याला एकटं सोडू नका, दोघंतिघं पाळी लावून घ्या. आणि कोणी काही घेतलंच असन तर १०८ ला फोन, मीठपाणी पाजून उलट्या करवू नका, औषधाचा डबा सोबत न्या, आणि पोलीस केसच्या भीतीनं वेळ घालवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आहे, असा माणूस भारी ताणात होता असं धरून त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत.

फोनवर बोलायचं असन तर टेलिमानस, १४४१६. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येते. त्याला लाज वाटत असन तर तुम्ही लावा आणि त्याच्या हातात द्या. गावात आशाताईला सांगा, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात. नागपूर, यवतमाळ, अकोल्याच्या मेडिकल कॉलेजला, सेवाग्रामलाही हा विभाग आहे. घरचे बाबाकडं नेतो म्हणत असतील तर भांडत बसू नका, तिथंही जा पण डॉक्टर सोडू नका. गोळ्यांचा फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, आठ दिवसात "काही उपयोग नाही" म्हणून बंद करणारे लय आहेत, त्यांना तिथंच धरून ठेवावं लागते.

गावातल्या साध्या माणसांनी हे काम होते का? होते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, गावातलेच कार्यकर्ते शिकवून तयार केले होते. आधी उदासीचा आजार असलेल्यांपैकी ४.३ टक्केच लोक मदत घेत, नंतर २७.२ टक्के घेऊ लागले, आणि वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं.

जीव थोडा स्थिर झाला की कर्जाकडं पाहा, पण एका वेळी एकच काम. बँकेत पुनर्गठनाचा, म्हणजे कर्जाचे हप्ते नव्यानं बांधून द्यायचा अर्ज, तुम्ही सोबत जा. सावकार विनापरवाना असन, जमीन लिहून घेतली असन तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकाकडं तक्रार होते, जमीन परतही मिळू शकते.

आणि हे वाचणारा तूच तो असशीन तर, माय, दादा, आज रात्री काही ठरवू नको. औषध असलेल्या खोलीतून बाहेर ये, कोणाच्या तरी ओट्यावर जाऊन बस, म्हण की मले एकटं राहवत नाही, नाहीतर १४४१६ लाव. कारण सांगायची गरज नाही.

पहिल्या रात्रीनंतर बरेच जण जायचं सोडतात, तसं करू नका. दुसऱ्या दिवशी जा, आठवड्यानं जा, दवाखान्यातून आल्यावरचे पहिले काही आठवडे तर नक्कीच जा. दरवेळी तोच विषय काढायची गरज नाही, तुरीचं काय म्हणते एवढं विचारलं तरी चालते, पण मधात एकदा सरळ विचारून घ्या, "ते विचार येतात का अजून?"