सॅम्युअल डिलेनी वाचायचाय? मग 'डालग्रेन' आधी बाजूला ठेवा

सायन्स फिक्शन आवडतं आणि क्विअर लेखक शोधताय तर डिलेनी वाचाच, पण सुरुवात 'डालग्रेन'पासून नको. १९७५ चं, आठशे पानांच्या आसपासचं पुस्तक, सुरू होतं तेच अर्ध्या वाक्यात. मी तिथूनच सुरू केलं, शंभर पानांत सोडलं आणि मग कित्येक वर्षं हा लेखक आपल्यासाठी नाहीच असं धरून चालले, ती वर्षं वाया गेली याचं खरंच वाईट वाटतं.

आधी एकच कथा घ्या, 'आय, अँड गमोरा', १९६७ ची, एका बैठकीत होते. त्यात अंतराळात काम करणाऱ्या स्पेसर लोकांमध्ये लैंगिकता उरूच दिलेली नसते, आणि पृथ्वीवर काही लोक असतात ज्यांना नेमकी त्यांचीच ओढ असते. वाचताना एक लक्षात ठेवा, ती आली तेव्हा अमेरिकेत इलिनॉय सोडून प्रत्येक राज्यात समलिंगी संबंध गुन्हा होता. त्या काळात ही कथा नेब्युला हा सायन्स फिक्शनचा मोठा पुरस्कार जिंकली!

मग थेट आत्मचरित्र, 'द मोशन ऑफ लाइट इन वॉटर'. लोक हे शेवटी ठेवतात, मी म्हणते दुसरंच घ्या. १९४२ चा जन्म, न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं कृष्णवर्णीय कुटुंब, वडिलांचा अंत्यविधीचा व्यवसाय, स्वतःला डिस्लेक्सिया म्हणजे वाचता-लिहिताना अडचण, आणि तरी विसाव्या वर्षी पहिली कादंबरी छापून आलेली. एकोणिसाव्या वर्षी कवयित्री मॅरिलिन हॅकरशी लग्न केलं, तो गे आहे हे दोघांनाही माहीत होतं. सुरुवातीलाच तो सांगतो की वडील १९५८ मध्ये गेले, मी सतरा वर्षांचा होतो, असंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं, पण ते गेले १९६० मध्ये आणि तो होता अठरा वर्षांचा. ही पानं घाईत उलटू नका, आठवणीवर किती विसंबायचं हा प्रश्न पुढे पुस्तकभर सोबत असतो.

त्यानंतर 'बेबल-१७'. नायिका कवयित्री, शत्रूची भाषा उलगडतेय, आणि त्या भाषेत 'मी' हा शब्दच नाही. ही पटकन वाचून होते.

मग 'स्टार्स इन माय पॉकेट लाइक ग्रेन्स ऑफ सँड', १९८४. इथे मात्र हळू. सगळ्यांना 'ती' म्हणतात, ज्याची शारीरिक ओढ वाटते त्यालाच फक्त 'तो'. एखादं पान मनातल्या मनात मराठीत करून बघा, आपल्याकडे आला-आली, गेला-गेली असं क्रियापद पण बदलतं त्यामुळे प्रत्येक वाक्यात कुणाला कुणाची ओढ आहे ते उघड पडत जातं, इंग्रजीत एवढं जाणवत नाही.

आता 'डालग्रेन' काढा. रोज वीसेक पानं, काळवेळ जुळवत बसायचं नाही. शेवटचं वाक्य पण अर्धंच आहे, तिथे पोचलात की लगेच पहिलं पान उघडा आणि दोन्ही जोडून मोठ्यानं वाचा.