मफिनला पाकीट नको, केकला हरकत नाही

केक-मफिनच्या प्रीमिक्सच्या, म्हणजे तयार कोरड्या मिश्रणाच्या, पाकिटामागची यादी कधी सावकाश वाचलीय? मैदा, साखर, बेकिंग पावडर, मीठ, इसेन्स. बऱ्याच पाकिटांत स्टार्च आणि इमल्सिफायर. अंडी, तेल, पाणी सहसा आपलंच. हे आजचं नाही. पिट्सबर्गच्या पी. डफ अँड सन्स कंपनीने 1930 च्या दशकात जिंजरब्रेडचं मिक्स आणलं आणि 1935 च्या पेटंटात अंड्याची पावडर काढून ताजी अंडी घरचीच घालायला सांगितली. म्हणजे पाकीट आपली मापं वाचवतं. मफिनची मापं पाच मिनिटांत होतात, त्यासाठी मी पाकीट फोडत नाही. केकचं गणित वेगळं आहे, तिकडे येतेच.

आधी मफिन (12 नग)

1. ओव्हन 200 अंश सेल्सिअसवर तापत ठेवा, ट्रेमध्ये कागदी कप लावा. बेकिंग पावडर जुनी असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा. फसफसली नाही तर सरळ टाकून द्या.

2. 250 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम साखर, अडीच चमचे बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा मीठ एकत्र चाळा. चमचा म्हणजे 5 मिलीचा, मापाचा. मैदा शक्यतो वजनकाट्यावरच घ्या. कप डब्यात खुपसून भरला तर 150 ग्रॅमपर्यंत बसतो, चमच्याने हलका भरला तर 120. दोन कपांत साठ ग्रॅमचा फरक पडतो आणि मफिन कोरडे का झाले ते कळतच नाही.

3. दुसऱ्या भांड्यात 2 अंडी, 240 मिली दूध, 120 मिली तेल आणि चमचाभर व्हॅनिला फेटून घ्या. इथे हवं तेवढं फेटा.

4. आता हे पातळ मिश्रण मैद्यावर ओता आणि हात आवरा. माझे पहिले मफिन मी बीटरने रेशमासारखे गुळगुळीत होईपर्यंत फेटले होते. डोक्यावर टोपीसारखी टोकं आली, आत बोगदे आणि चावायला रबर. मैदा ओला झाला की त्यात ग्लुटेन तयार होतं आणि जितकं ढवळाल तितकं ते चिवट होतं. त्यामुळे उलथन्याने तळापासून वर असे बारा-पंधरा हात, बस्स. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. बारीक गाठी राहू द्या, भाजताना त्या विरघळतात.

5. कप पाऊण भरा, 18 ते 20 मिनिटं भाजा. टूथपिक कोरडी निघाली की झालं. पाच मिनिटांनी ट्रेमधून काढा, नाहीतर वाफेने बुडं ओली होतात.

मग केक

इथे पाकिटात आपल्या फडताळात नसलेली एक गोष्ट असते: इमल्सिफायर. ते तेल आणि पाण्याची मोट बांधतं, मिश्रणात हवा धरून ठेवतं. म्हणून पाकिटाचा केक थोडा जास्त फेटला गेला तरी रागावत नाही आणि चार दिवस मऊ राहतो. उद्या वाढदिवस आहे आणि हाताला सवय नाही, तर खुशाल पाकीट आणा. पाण्याऐवजी दूध घाला, चव सुधारते.

घरच्या बटर केकमध्ये हवा भरण्याचं काम आपलं. बेकिंग पावडर नवे बुडबुडे क्वचितच तयार करते, असलेलेच फुगवते. ते बुडबुडे आधी लोण्यात भरावे लागतात, आणि घरचा केक दडस होतो तो बहुधा इथेच.

4 अंडी कवचासकट तोला. तेवढंच बटर, तेवढीच बारीक साखर, तेवढाच मैदा. त्यात 2 चमचे बेकिंग पावडर. बटर असं हवं की बोटाने दाबलं तर खळगा पडेल, पण तुपासारखं चमकायला नको. साखर घालून बीटरने चार-पाच मिनिटं फेटा. पिवळा रंग फिकट होत जाईल, साखरेची करकर कमी होईल. लवकर थांबू नका. मफिनला जी घाई चांगली, ती इथे नडते. अंडी एकेक करून घाला, तीही फ्रीजमधून तासभर आधी काढलेली. गार अंड्याने मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. तसं झालंच तर चमचाभर मैदा घातला की सावरतं. उरलेला मैदा मात्र कट अँड फोल्ड, म्हणजे उलथन्याने मधून कापत तळापासून वर उलटवत, हलक्या हाताने. वीस सेंटीमीटरच्या दोन टिनांत, 180 अंशांवर 20 ते 25 मिनिटं. पहिली वीस मिनिटं ओव्हनचं दार उघडायचं नाही, नाहीतर केक मध्ये खाली बसतो.

घरचं पाकीट

मफिनची मापं वारंवार करायचा कंटाळा असेल तर 1 किलो मैदा, 600 ग्रॅम साखर, 10 चमचे बेकिंग पावडर, 2 चमचे मीठ दोनदा चाळून हवाबंद बरणीत भरा. दोन महिने सहज टिकतं. एका घाण्याला 415 ग्रॅम काढायचं, पण त्याआधी बरणी तळापासून ढवळा, कारण बारीक पावडर खाली बसते. झाकणावर तारीख आणि "2 अंडी, 240 दूध, 120 तेल" एवढं लिहून ठेवा.