स्वतःचं विणकामाचं डिझाईन कसं करायचं: एका टोपीचा पूर्ण हिशेब

आमच्या आईने आयुष्यात एकही पॅटर्न लिहिला नाही. बाळाच्या डोक्याला दोरा गुंडाळायची, तो दोरा सुईवर धरून बघायची आणि "घाल नव्वद" म्हणायची. टोपी बसायची पण अगदी बरोबर! मला वाटायचं ही काहीतरी देणगी असावी, खूप नंतर डोक्यात प्रकाश पडला की ती तीस वर्षं त्याच जाडीची लोकर आणि त्याच ८ नंबरच्या सुया घेऊन विणत होती, त्यामुळे इंचाला किती टाके बसतात ते तिच्या बोटांना पाठ होतं. आपल्याकडे ती तीस वर्षं नाहीत, म्हणून आपण नमुना, म्हणजे मोजण्यापुरता एक चौकोनी तुकडा, विणायचा. बाकी फरक काही नाही, तिचा अंदाज आपण कागदावर मांडायचा, बस.

मी इथे सहा महिन्यांच्या बाळाची टोपी घेते, कारण छोटी आहे, दोन संध्याकाळींत होते आणि चुकली तरी उसवताना रडू येत नाही. पहिल्याच फटक्यात नवऱ्याचा स्वेटर डिझाईन करायला जाऊ नका, मी गेले होते, तो अजून कपाटात अर्धा पडलाय.

तर नमुना. हाच भाग सगळ्यांना नको असतो. निदान १५ बाय १५ सेंटीमीटरचा विणा, छोटा नको, कारण कडेचे टाके कायम वाकडेतिकडे असतात आणि मोजायचं असतं मधल्या १० सेंटीमीटरमध्ये. विणून झालं की धुवा, खरंच धुवा, आणि ती वस्तू पुढे जशी वाळवणार तशीच वाळवा, मग मोजा. सुती धागा धुतल्यावर आटतो, काही लोकरी उलट सैल पडतात, आणि हे दुकानात लच्छी दाबून बघून अजिबात कळत नाही. माझ्याकडे ४ मिलीमीटरच्या सुयांवर, मध्यम जाडीच्या ॲक्रिलिकमध्ये १० सेंटीमीटरला २२ टाके आणि ३० ओळी आल्या. ज्या विणीत वस्तू करायची त्याच विणीत नमुना विणायचा हेही लक्षात ठेवा, कारण दोन सुलट दोन उलटची बॉर्डर आत ओढते, वेणीची वीण तर भरपूरच ओढते, आणि नुसतं सुलट-सुलट विणलं की ओळी आखडतात, त्याच उंचीला जास्त लागतात.

आता गणित. सहा महिन्यांच्या बाळाचं डोकं साधारण ४३ सेंटीमीटर असतं (बाळ समोर असेल तर टेप लावा, सरासरीवर जाऊ नका). टोपी डोक्यापेक्षा थोडी लहानच हवी म्हणजे ताणून बसते, म्हणून ४० धरू. १० सेंटीमीटरला २२ तर ४० ला ८८ टाके. दोन सुयांवर सपाट विणून मागे शिवणार असाल तर शिवणीत दोन्ही बाजूचा एकेक टाका जातो, म्हणून अधिक दोन. नव्वद! हा आकडा वहीत आला तेव्हा मी खरंच आईला फोन केला होता, ती म्हणाली "मग मी काय सांगत होते".

आणि नमुन्यात दोनच टाके चुकले तर काय होतं बघा. २२ ऐवजी खरे २० येत असतील तर तेच ८८ टाके ४४ सेंटीमीटर होतात, टोपी बाळाच्या नाकावर. म्हणून सांगते, धुवा आणि मोजा.

डिझाईन म्हटलं की लोक आधी फुलापानांकडे पळतात, पण नक्षी टाक्यांच्या आकड्यात बसली पाहिजे. ८८ ला ४ आणि ८ ने भाग जातो, म्हणजे दोन सुलट दोन उलटची बॉर्डर बसते आणि आठ टाक्यांची कुठलीही नक्षी ११ वेळा येते. सहा टाक्यांची नक्षी आवडली असेल तर ८८ चालणार नाही, ८४ किंवा ९० घ्यावे लागतील, म्हणजे टोपी ३८ किंवा ४१ सेंटीमीटरची, दोन्ही चालेल कारण वीण ताणते. पण नक्षीच वीस टाक्यांची असली तर ८० नाहीतर १००, आणि तिथे मात्र नक्षी बदला किंवा सुया बदला. स्वेटरच्या पुढच्या भागाला अजून एक गोम आहे, तिथे नक्षीचे आठाचे पट अधिक एक टाका घ्यायचा, तरच डावी-उजवी कड सारखी दिसते. टोपीत तो एक टाका घेतला तर शिवणीपाशी नक्षी दोनदा येते, हे मी करून बघितलंय.

माझी नक्षी शंकरपाळ्यांची. सुलट जमिनीवर उलट टाक्यांच्या तिरक्या रेघा, रंग एकच. गोल सुईवर ती अशी येते, कंसातलं ११ वेळा करायचं:

१ली ओळ: (१ उलट, ७ सुलट)
२री: (१ सुलट, १ उलट, ५ सुलट, १ उलट)
३री: (२ सुलट, १ उलट, ३ सुलट, १ उलट, १ सुलट)
४थी: (३ सुलट, १ उलट, १ सुलट, १ उलट, २ सुलट)
५वी: (४ सुलट, १ उलट, ३ सुलट)
६वी, ७वी, ८वी म्हणजे परत ४थी, ३री, २री.

सपाट विणताना मागच्या बाजूच्या ओळी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायच्या आणि सुलटच्या जागी उलट, उलटच्या जागी सुलट. ग्राफवरून (एक चौकट म्हणजे एक टाका) विणलं की हे आपोआप होतं, म्हणून मी ग्राफच काढते: खालून वर जायचं, पुढची ओळ उजवीकडून डावीकडे, मागची डावीकडून उजवीकडे, गोल विणत असाल तर सगळ्याच उजवीकडून.

ग्राफवरून आठवलं. विणकामाचा टाका चौकोनी नसतो, रुंद आणि बुटका असतो. मी एकदा क्रॉस स्टिचच्या जुन्या पुस्तकातला हत्ती चौकटीच्या वहीवर जसाच्या तसा उतरवून विणला, २२ टाके रुंद आणि २२ ओळी उंच, तो निघाला १० सेंटीमीटर रुंद आणि सव्वासात सेंटीमीटर उंच. सोंड होती म्हणून बरं, नाहीतर डुक्करच म्हटलं असतं लोकांनी. तर गणिताच्या वहीवर काढू नका. गुगल शीट्स उघडा, रकान्याची रुंदी ३० आणि ओळीची उंची २२ पिक्सेल ठेवा (तुमच्या नमुन्याचे आकडे उलटे घालायचे, ओळी किती त्या रुंदीला, टाके किती ते उंचीला), आता जसं दिसतंय तसंच विणलं जाणार. ठिपक्यांच्या रांगोळ्या या कामाला मस्त, आधीच मोजून काढलेल्या असतात. स्टिच फिडल नावाची वेबसाईट पण आहे, ग्राफ काढायला सोपी आहे आणि फुकटात बरंच काही होतं. दोन रंगांची नक्षी असेल तर मागून जाणारा धागा पाच टाक्यांपेक्षा लांब सोडू नका, बाळाची बोटं अडकतात त्यात.

उंचीचा हिशेब ओळींवर. बॉर्डर ६ ओळी, शंकरपाळ्यांची आठ ओळींची नक्षी तीनदा म्हणजे २४, आणि शेवटची शंकरपाळी वरून बंद व्हायला १ली ओळ परत एकदा, झाल्या ३१. मग डोक्यावरचा भाग: ८८ चे आठ भाग केले की एका भागात ११ टाके. (९ सुलट, दोनाचा एक) आठ वेळा, उरले ८०. मग एक ओळ साधी. मग (८ सुलट, दोनाचा एक), उरले ७२. असं दर दुसऱ्या ओळीत आठ-आठ कमी करत ८ टाके उरेपर्यंत, त्यावर एक ओळ साधी, एकूण २० ओळी, शेवटी धागा कापून त्या आठांतून ओवायचा आणि घट्ट ओढायचा. ३१ अधिक २० म्हणजे ५१ ओळी, १७ सेंटीमीटर, बाळाचे कान झाकतात. वर टाके कमी झाले की गोल सुईवर ताणले जातात, तेव्हा मोज्यांच्या पाच सुयांवर घ्या.

लोकर किती लागेल हे दुकानदाराला विचारू नका, तो दोन गुंडे जास्तच देणार. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या आणि नमुन्याचं वजन करा. माझा १५ बाय १५ चा, म्हणजे २२५ चौरस सेंटीमीटरचा तुकडा ११ ग्रॅम भरला. टोपी ४० गुणिले १७, ६८० चौरस सेंटीमीटर, म्हणजे ३३ ग्रॅम. वर निमुळती होते म्हणून थोडी कमीच लागते, ५० ग्रॅमच्या गुंड्यात गोंडा पण निघतो.

बाकी हत्यारं फार लागत नाहीत. खुणेसाठी मी दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याच्या गाठी वापरते. नवीन नक्षी ट्राय करताना दर आठ ओळींनी सगळ्या टाक्यांतून दात साफ करायचा फ्लॉस ओवून ठेवा, चुकलं तर तिथपर्यंतच उसवतं आणि टाके जागेवर मिळतात. ॲक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका, एकदा चपटं झालं की झालं, परत फुगत नाही. नक्षी शोधायला रॅवेलरी ही विणकामाची वेबसाईट आहेच, २००७ पासून चालू आहे. आणि जपानी पुस्तकं मिळाली तर सोडू नका, तिकडे विणकामाच्या खुणा राष्ट्रीय मानकाने ठरलेल्या आहेत, एकदा खुणा कळल्या की भाषा न येता विणता येतं.

स्वेटरकडे जायचं असेल तर विणकामावर पुस्तकं लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन बाईंची टक्केवारी बघा, छातीचे टाके १०० टक्के धरायचे, मनगटाला त्याचे २०, दंडाला ३३, गळ्याला ४०. मोठ्यांना छान बसते. बाळांना मात्र जपून, ५० सेंटीमीटर छातीचा ४० टक्के गळा होतो २० सेंटीमीटर आणि डोकं ४३ चं, बॉर्डर कितीही ताणली तरी जाणार नाही, खांद्यावर बटणं द्याच. बाहीचे टाके वाढवायचे असतील तर साधा भागाकार: ३६ चे ५२ करायचेत, एकावेळी दोन्ही कडांना एकेक, म्हणजे आठ वेळा, ओळी ६०, तर साडेसात ओळींनी एकदा. साडेसाताव्या ओळीत कोण वाढवणार, म्हणून चार वेळा दर सहाव्या आणि चार वेळा दर आठव्या ओळीत, ५६ झाल्या, उरलेल्या चार साध्या.

आता लिहून काढणं. उसवायच्या आधी लिहा, "लक्षात राहील" हे खोटं असतं. वरती तयार माप, नमुन्याचे टाके आणि ओळी, लोकरीचं वजन आणि मीटर. आणि सुया मिलीमीटरमध्येच लिहा. मी पहिला पॅटर्न न्यू जर्सीच्या मावसबहिणीला पाठवला, त्यात "सुया ८ नंबर" एवढंच होतं. आपल्याकडे ८ म्हणजे ४ मिलीमीटर, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत उलटं, नंबर वाढला की जाड, आणि त्यांची ८ असते ५ मिलीमीटरची. तिने नमुना विणलाच नाही (ताईचा पॅटर्न आहे म्हणे, बरोबरच असणार), टोपी तयार झाली आणि बाळाऐवजी तिच्या नवऱ्याला बसली. फोटो पाठवला होता, भावजी गोंड्यासकट.

तेव्हापासून पॅटर्न कोणाला द्यायच्या आधी एकीला विणायला देते, आणि मुद्दाम जिला माझ्याएवढं येत नाही तिला, कारण सराईत बाई माझी चूक हातासरशी दुरुस्त करून मोकळी होते, मला सांगतही नाही. यावेळी धाकट्या जाऊबाईंना दिला. त्यांचा मेसेज आला, "वहिनी, शंकरपाळ्या संपल्यावर एक ओळ साधी घ्यायची का लगेच दोनाचा एक?" ते मी लिहिलंच नव्हतं. लगेच घ्यायचं.