पहिली एकटी रात्र: अंधार पडायच्या आधी थांबा

सायकलवर सामान बांधून पहिल्यांदाच एकट्याने तंबूत रात्र काढणार असाल, तर सूर्यास्ताच्या किमान दीड-दोन तास आधी थांबा. "अजून दहा किलोमीटर सहज होतील" हा मोह आवराच. भीती बहुतेक वेळा अनोळखी जागेची असते. उजेडात त्या जागेभोवती एक फेरी मारली की भीती निम्मी उतरते.

फेरी मारताना वरही बघा. वाळकी, लोंबकळणारी फांदी असेल तर तिच्याखाली तंबू नको. कोरड्या ओढ्याचं पात्र कितीही सपाट, मऊ वाटलं तरी नको. वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी तिथेच येतं. खोलगट जागेत रात्री थंड हवा साचते, म्हणून थोडं उंचावर, पण रस्त्यावरून दिसणार नाही असं बघा. मुक्कामाला परवानगी आहे ना, हे आधीच पाहून ठेवा.

रात्री आवाज येणारच. सुक्या पानांवरून उंदीर गेला तरी कुणीतरी मोठं चालतंय असं वाटतं. सायकलला कुलूप लावा आणि तंबूची एक दोरी तिच्या फ्रेमला बांधा. कुणी हात लावला तर तंबू हलतो. एवढं केलं की मला तरी निवांत झोप लागते. टॉर्च उशाशी, नेहमी एकाच बाजूला. थंडीत फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगच्या आत, नाहीतर चार्जिंग झपाट्याने उतरतं.

आणि रेंज आहे तोवरच घरी लोकेशन पाठवा, सकाळी किती वाजता फोन कराल तेही कळवा.